ऐकू आलं असेल तर पाय हलवा

कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरं आहेत. भात निघाला की त्यातली तीन खाचरं निवृत्तीभाऊ हंगामापुरती भाड्याने घेतात, मधोमध वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी रोवतात, आणि त्यांचे पॅराग्लायडिंगचे वर्ग सुरू होतात. वर माथ्यावरून भाऊ विद्यार्थ्याला हवेत सोडतात. खाली खाचरात वॉकीटॉकी घेतलेलं कुणीतरी त्याला बोलून बोलून उतरवून घेतं.

वॉकीटॉकीला तिथे सगळे ‘सेट’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या छातीशीही एक सेट बांधलेला असतो, पण त्याच्या बोलायच्या बटणावर भाऊ चिकटपट्टी मारून टाकतात. नवखा माणूस घाबरला की बटण दाबून धरतो, आणि मग त्या चॅनलवर कुणालाच बोलता येत नाही. म्हणून वरच्याने फक्त ऐकायचं. ऐकू आलं असेल तर पाय हलवायचे. तेवढंच त्याचं उत्तर.

राजेश्वरी हे सगळं तीन हंगाम टेबलामागे बसून बघत होती. फॉर्म भरून घ्यायचे, विद्यार्थ्यांची वजनं करायची, वाऱ्याचा वेग दर अर्ध्या तासाने वहीत टिपायचा. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीला या कामात शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण ती सोडून गेली नाही, कारण तिला खालचा सेट हवा होता. तो भाऊंचा मदतनीस प्रदीप याच्याकडे होता. प्रदीप तोंडाजवळ सेट धरून दोन शब्द बोलायचा, आणि पाचशे फुटांवर कुणाचे तरी पाय हलायचे. आपण बोललो आणि लगेच आकाशात कुणीतरी ‘ऐकलं’ म्हणालं, याच्याइतकी चांगली गोष्ट राजेश्वरीच्या पाहण्यात दुसरी नव्हती.

ती राहायची भाज्याला. गेल्या वर्षी तिचा भाऊ संदेश याला मुलगा झाला, तेव्हापासून आईवडील चिंचवडला त्याच्याकडेच होते. चार खोल्यांच्या घरात ती एकटी. तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, छान शांतता असते, वाचन होतं. पण सकाळी मळवलीहून गाडी धरून कामशेतला पोहोचेपर्यंत तिच्या तोंडातून एकही शब्द निघालेला नसायचा, आणि पहिला निघायचा तो घोगरा. हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिलारबाई आल्या. स्पेनच्या, साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या आणि भक्कम. बारा दिवसांच्या वर्गाचं सगळं त्यांनी ईमेलवर भाषांतराच्या मदतीने ठरवलं होतं, त्यामुळे त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही हे सरावाच्या उतारावरच कळलं.

“रन, मॅडम! रन!” निवृत्तीभाऊ ओरडले.

बाई थांबल्या, मान वळवून “के?”, म्हणजे ‘काय?’, म्हणाल्या, आणि मागे उभी राहिलेली पॅराग्लायडरची छत्री त्यांच्या डोक्यावर कोसळली. असं पाच वेळा झालं.

“आगं पळ की माझे आई!” भाऊ शेवटी कळवळून म्हणाले.

“भाऊ, मराठीच बोला,” प्रदीप म्हणाला. “आत्ता दोन पावलं पळाल्या त्या.”

सहाव्या वेळी टेबलापाशी बसलेली राजेश्वरी उठून उभी राहिली आणि ओरडली, “कोर्रा! कोर्रा!”

बाई पळाल्या. छत्री डोक्यावर सरळ झाली, बाईंचे पाय तीन फूट उचलले गेले आणि वीसेक पावलांवर अलगद टेकले.

भाऊ वळले. “काय म्हनलीस तू?”

“पळा म्हणाले. स्पॅनिशमध्ये.”

“तुला कुटनं येतं?”

“कॉलेजात असताना रविवारी पुण्याला जात होते. सहा महिने. पुढचा वर्ग राहिला.”

भाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. पिलारबाई गवतात बसून एकट्याच हसत होत्या.

“ऐक,” भाऊ म्हणाले. “प्रदीप म्हैनाअखेरीस हिमाचलला चाललाय. तुझ्या शब्दावर ही बाई माथ्यावरनं खाली उतरली, तर फुडल्या हंगामाला खालचा सेट तुझा.”

“आणि नाही उतरल्या तर?”

“उतरनार तर हायेच. वर कोन ऱ्हातंय? पन तुझ्या शब्दावर उतरली पायजे.”

त्याच दिवशी तिने स्पॅनिशसाठी नवी वही घातली.

भाऊंचा एक नियम होता आणि तो तिच्या फार उपयोगी पडला. सेटवर ‘नको’ म्हणायचं नाही. ‘ब्रेक ओढू नका’ म्हटलं आणि खरखरीत पुढचं ‘नका’ बुडालं, तर वरचा माणूस हातातल्या ब्रेकच्या दोऱ्या नेमक्या खाली ओढतो. म्हणून काय करायचं तेवढंच सांगायचं: ‘हात वर घ्या.’ म्हणजे आज्ञांच्या तक्त्यातली नकाराची बाजू शिकायची गरजच नव्हती. अर्धा तक्ता तिथेच गेला.

उरलेला अर्धा सोपा नव्हता. वळा, पळा, ब्रेक मारा ही नियमाने चालणारी क्रियापदं होती. पण ये, जा, ठेव, धर, कर, सांग, बाहेर पड, म्हणजे माणूस दिवसभर जी बोलतो ती सगळी, नेमकी नियम मोडणारी निघाली. ‘तू’ म्हणून सांगायचं तर ती तोडून एवढीशी केलेली होती: बेन, पोन, तेन, साल, दी. तिला मराठीतलं ये, घे, दे आठवलं आणि बरं वाटलं. पण सेटचं बटण दाबल्यावर पहिला पाव सेकंद आवाज जात नाही, हे तिने पूर्वीच मोजून ठेवलं होतं. ‘बेन’ म्हटलं तर वर फक्त ‘न’ पोहोचला असता. शिवाय साठीच्या बाईला अरे-तुरे कसं करायचं? मग तिने ‘तुम्ही’ची रूपं घेतली, ती लांब होती: या म्हणजे बेंगा, ठेवा म्हणजे पोंगा, धरा म्हणजे तेंगा.

ती तयार कशी होतात हे शोधायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्याला सांगायचं असलं तरी सुरुवात ‘मी’पासून करायची. मी ठेवते, पोंगो. शेवटचा ‘ओ’ काढायचा, ‘आ’ लावायचा: ठेवा, पोंगा. मी सांगते, दिगो, सांगा, दिगा. मी करते, आगो, करा, आगा. सगळी बसली. ‘जा’ तेवढं बसेना, ते ‘बाया’ होतं. मग तिने पाहिलं की ‘मी जाते’ याचा शेवटच मुळी ‘ओ’ने होत नाही. ज्यांचं ‘मी’ वेगळं, त्यांचीच आज्ञा वेगळी. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिचं तिलाच दिसलं होतं. ती मोठ्यांदा म्हणाली, “अरे वा!” घरात कुणी नव्हतं. तिने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी प्रदीपने वही उघडून मोठ्याने वाचली. “बाया? भाऊ, ही अख्ख्या मावळाला ऐकू जाईल असं ‘बाया, बाया’ ओरडनार? खाचरात मोर्चा यायचा.”

“तू तुझं काम कर,” भाऊ म्हणाले, पण तेही हसले.

पिलारबाई भाज्यात लीलाबाईंच्या माडीवरच्या खोलीत उतरल्या होत्या. लेणी बघायला येणाऱ्यांना लीलाबाई ती खोली देत. राजेश्वरीचं घर तिथून चौथं. तिसऱ्या दिवशी लीलाबाईंनी तिला हाक मारली.

“राजे, ती बाई एकलीच हाय गं. जेवती एकली, बसती एकली. मी ताट घिऊन गेले तर दार लावून बसलेली. परमुलूख, वळखीचं कुनी न्हाई. बरं दिसतं का ते आपल्याला? तू जात जा सोबतीला.”

एकट्या बाईला सोबत पाठवायची, ही त्या आळीतली जुनी रीत. घरातला पुरुष बाहेरगावी गेला की शेजारची मुलगी वळकटी घेऊन झोपायला जाते. राजेश्वरीचे आईवडील चिंचवडला गेले तेव्हा लीलाबाईंची सारिका अशीच तिच्याकडे यायची. दिवाळीनंतर सारिकाचं लग्न झालं, आणि पुढे दुसरं कुणी पाठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

राजेश्वरी त्याच संध्याकाळी गेली, आणि मग रोजच. बाई गच्चीत खुर्ची टाकून लोहगडाकडे तोंड करून बसलेल्या असत. राजेश्वरी वही घेऊन शेजारी बसायची आणि बोलायची. तिचं स्पॅनिश अडखळत चालायचं, पण थांबायचं नाही. तिने किल्ल्यांची नावं सांगितली, दुधाच्या डेअरीची वेळ सांगितली, संदेशच्या मुलाचा फोटो दाखवला, चिंचवडला आई कशी कंटाळते ते सांगितलं. बाई ऐकून घेत. त्यांच्याबद्दल कळलं ते एवढंच, की चौतीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या जेवणघरात स्वयंपाक केला. रोज तीनशे मुलं.

तीनशे मुलं, आणि आता कुणी नाही, असं राजेश्वरीच्या मनात आलं. तिला त्यांची फार दया आली.

बाई कधीकधी शिकवायच्याही. तिच्या हातात पेला ठेवून “तेन” म्हणायच्या. ‘तुम्ही’ काढून टाक, मला ‘तू’ म्हण, असं सांगायच्या. राजेश्वरी मान हलवून नाही म्हणायची. आठव्या दिवशी बाईंनी डोळे चोळले आणि शांतपणे म्हणाल्या, “साल. बे आ तू कासा.”

बाहेर पड, तुझ्या घरी जा. दोन नियमबाह्य आज्ञा एकाच वाक्यात! राजेश्वरीने खूश होऊन त्या उतरवून घेतल्या, दोनदा म्हणून दाखवल्या, आणि आणखी अर्धा तास बसली.

नवव्या दिवशी भाऊंनी बाईंना पहिल्यांदा माथ्यावरून सोडलं. राजेश्वरी खाचरात सेट आणि दुर्बीण घेऊन उभी होती. प्रदीप मागे होता, नुसता बघायला.

“पिलार, दिगा के सी कोन लास पिएर्नास,” ती म्हणाली. पायांनी हो म्हणा.

लाल छत्रीखाली दोन पाय पुढे-मागे हलले.

मग ती बोलतच राहिली. तळ्याकडे जा. छान. आता उजवीकडे वळा. हात असेच धरा. खूप छान. खाली दिसतंय ते भाजं नव्हे, ते दुसरं गाव. आता माझ्याकडे या. इंग्रजी आठाचा आकडा करा. घाबरायचं काही कारण नाही, मी इथेच आहे. सात मिनिटांत बाई उतरल्या, पिशवीपासून दहा पावलांवर.

“हे आकाशवाणीचं भाजे केंद्र आहे,” प्रदीप नाकात बोलला. “आमची पहिली सभा इथे संपली.”

भाऊ जीपने खाली आले तेव्हा तेही तेच म्हणाले, फक्त हसले नाहीत. “लय बोलतीस. वर मानसाला वारा ऐकावा लागतो, दोऱ्यांचा आवाज ऐकावा लागतो. कामापुरतं बोल.”

“त्यांना धीर वाटावा म्हणून बोलत होते, भाऊ.”

“तिनं मागितला व्हता का?”

राजेश्वरीला राग आला. एकट्या माणसाला मागता येत नाही म्हणूनच तर द्यायचा असतो, असं तिला वाटलं. आजचं उतरणं भाऊ धरणार नव्हते, कारण प्रदीप मागे उभा होता. खरी परीक्षा अकराव्या दिवशी होती.

त्या दिवशी वारा पश्चिमेकडून सरळ डोंगरावर येत होता. साडेतीनला ताशी सोळा किलोमीटर, वहीत तिने स्वतःच लिहिलं होतं. ठरलं होतं ते असं: बाईंनी डोंगराच्या कडेने एक फेरी मारायची, मग खाचरावर येऊन दोन आठ, आणि उतरायचं. दहा मिनिटं. प्रदीप वर भाऊंच्या मदतीला होता, खाली राजेश्वरी एकटी. पाय हललेले माथ्यावरून दिसत नाहीत, छत्री आड येते. ते फक्त खालच्याला दुर्बिणीतून दिसतात, म्हणून खालच्याने एक नियम पाळायचा: तीनदा सांगून पाय हलले नाहीत, की लगेच वर कळवायचं, संपर्क नाही. भाऊ आपली छत्री उघडूनच ठेवतात. ते झेप घेऊन विद्यार्थ्याजवळ जातात आणि हातांनी खुणा करत त्याला खाली आणतात. हे त्यांना आजवर दोनदा करावं लागलं होतं.

बाई निघाल्या. पहिल्या हाकेला पाय हलले, दुसऱ्या हाकेलाही. मग राजेश्वरीने त्यांना वारा चांगला आहे हे सांगितलं. आज तुम्ही फार सुंदर उडताय हे सांगितलं. लीलाबाईंनी संध्याकाळी पुरणपोळी करायचं ठरवलंय हेही सांगितलं, कारण पुरण शब्द समजावून सांगताना त्या मागे हसल्या होत्या.

दुर्बिणीत बाईंचा उजवा हात एकदा छातीपाशी गेला आणि परत वर आला.

“पिलार, बेंगा आसिया मी.” माझ्याकडे या.

पाय हलले नाहीत.

तिने पुन्हा सांगितलं. मग सावकाश, नाव घेऊन, तिसऱ्यांदा. लाल छत्री डोंगराच्या कडेवर होती आणि चढत होती, माथ्याच्या उंचीला पोचत आली होती. पाय स्थिर.

सेट खरखरला. “राजेश्वरी, बाई ऐकतीय का? फेरी लांबली तिची.”

आता ‘संपर्क नाही’ म्हणायचं. दोन शब्द. भाऊ झेप घेतील, बाईंना खाली आणतील, आणि बाई तिच्या शब्दावर उतरल्या असं मग कुणी म्हणणार नाही. प्रदीपच्या जागी दुसरा कुणीतरी येईल. ती टेबलामागे जाईल, वजनं करेल, आणि एखाद्या दिवशी चिंचवडला संदेशच्या हॉलमध्ये झोपायला जाईल.

दुर्बिणीत बाईंचा खांदा उजवीकडे झुकला. राजेश्वरीने बटण दाबलं. “पिलार, हीरे आ ला देरेचा.” उजवीकडे वळा.

छत्री उजवीकडे वळली.

“हो भाऊ,” ती म्हणाली. “ऐकतायत.”

पुढची अकरा मिनिटं ती तेच करत राहिली. पॅराग्लायडर लगेच वळत नाही. आधी माणूस कलतो, हात खाली येतो, मग सेकंदभराने छत्री कलते. त्या सेकंदाच्या फटीत शब्द बसवायचा. बाईंचा डावा खांदा खाली गेला, ती म्हणाली डावीकडे वळा, छत्री डावीकडे वळली. बाईंनी डोंगर सोडला, ती म्हणाली तळ्याकडे जा. माथ्यावर सेट कानाला लावून उभ्या असलेल्या माणसाला आज्ञा आधी आणि वळण नंतर असंच दिसणार होतं. तिची एकही वेळ चुकली नाही. त्या अकरा मिनिटांत तिने पुरणपोळीचं किंवा कशाचंही नाव काढलं नाही. ऐकणारं कुणी नाही हे ठाऊक असताना तिला फक्त कामापुरतंच बोलता येत होतं.

बाईंनी खाचरावर दोन आठ केले, पहिल्यापेक्षा दुसरा नेटका. पाय खाली सोडले, ब्रेक ओढले, आणि पिशवीपासून चार पावलांवर उभ्याने टेकल्या.

“वा! झकास उतरवलीस!” सेटवर भाऊंचा आवाज आला. “येतो खाली.”

राजेश्वरी धावत बाईंकडे गेली. बाईंचे डोळे वाऱ्याने लाल झाले होते आणि चेहरा असा दिसत होता, जसा गच्चीवर एकदाही दिसला नव्हता. राजेश्वरीने त्यांच्या छातीवरचा सेट पाहिला. आवाजाची कळ पूर्ण मागे फिरवून बंद केलेली होती.

“बिघडला?” तिने विचारलं.

बाईंनी नाही म्हटलं. मग त्या हळूहळू, तिला समजेल अशा छोट्या वाक्यांत बोलल्या. मी बंद केला. माफ कर. तू चांगली मुलगी आहेस. तू फार बोलतेस. चौतीस वर्षं तीनशे मुलं, पोरी. मी इथे गप्प बसायला आले. वर खूप शांत होतं. तेच हवं होतं मला.

राजेश्वरीला सगळंच समजलं, एकही शब्द विचारावा लागला नाही. गच्चीवरचं ‘तुझ्या घरी जा’ हेही आत्ता समजलं. दयेचा विषय बाई नव्हत्याच.

जीप आली. भाऊ उतरले ते हसतच. “ठरल्यापरमानं. फुडल्या हंगामाला सेट तुझा. बोललीस बी बेतानं. शिकलीस.”

प्रदीपने तिच्या पाठीवर थाप मारली. “चला, आकाशवाणीची बदली माझ्या खुर्चीवर.”

तिला नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. बाईंना मराठी येत नव्हतं, कुणाला कधीच कळलं नसतं.

“भाऊ, त्यांचा सेट बंद होता,” ती म्हणाली. “अकरा मिनिटं. त्यांनीच केला होता. मी तीनदा हाक मारली, पाय हलले नाहीत. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. त्या वळायच्या आणि मग मी सांगायचे.”

प्रदीपने हात खाली घेतला.

“तिच्या छत्रीचं येक टोक दुमडलं असतं तर?” भाऊंनी अगदी हळू विचारलं. “मी वर बसून काय समजलो असतो?”

“की मी बोलतेय आणि त्या ऐकतायत.”

“मग आता कशापायी सांगतीस? कुनी इचारलं व्हतं?”

“मला फार चांगलं जमलं ते,” राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज सकाळसारखा घोगरा झाला होता. “पुढच्या वेळी कुणाचा सेट खरंच बिघडला, तरी जमेल. म्हणून.”

भाऊंनी हात पुढे केला. तिने सेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “बाईला सांग. सेट चालू ठेवायचा, न्हाईतर माझ्या डोंगरावरनं उडायचं न्हाई.”

राजेश्वरीने सांगितलं, ‘न्हाई’ गाळून: सेट चालू ठेवा. बाईंनी मान खाली घातली आणि शाळकरी मुलीसारखं हो म्हटलं.

“उद्या तिचा शेवटचा दिस. उडायचंय का इचार. आन खाली कोन पायजे तेबी इचार.”

तिने दोन्ही विचारलं. पहिल्याला बाई लगेच हो म्हणाल्या. दुसऱ्याला त्यांनी खांदे उडवले.

“काय म्हनती?”

“कुणीही चालेल म्हणतात.”

“मग प्रदीप उभा ऱ्हाईल. तू त्याला शब्द लिवून दे.” भाऊ जीपकडे वळले, आणि पाठ फिरवूनच म्हणाले, “फुडल्या हंगामाचं मग बघू. आत्ता मला इचारू नगं.”

बाईंनी एकट्यानेच छत्रीची घडी केली. राजेश्वरी मदतीला पुढे झाली नाही. मग ती टेबलापाशी गेली, फॉर्मच्या गठ्ठ्यामागचा पुठ्ठा फाडला आणि देवनागरीत, मोठ्या अक्षरांत शब्द लिहायला घेतले. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे अर्थ. वळा. या. जा. ठेवा. धरा. करा. सांगा. छान. घाबरायचं कारण नाही. मी इथेच आहे. एकवीस ओळी झाल्या. प्रदीप शेजारी उभा राहून वाचत होता. आज त्याने एकदाही ‘बाया’ची थट्टा केली नाही, नीट म्हणून पाहिलं आणि विचारलं, “जोर पहिल्या अक्षरावर ना?”

“पहिल्या. आणि आधी नाव घ्यायचं, नाहीतर शब्द कापला जातो.”

मग तिने पेनाने एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. ‘छान’ गेलं. ‘मी इथेच आहे’ गेलं. ‘तळ्याकडे जा’वर ती थोडी थांबली, बाई स्वतःहून कशा गेल्या होत्या ते आठवलं, आणि तेही खोडलं. शेवटी चार ओळी राहिल्या: पायांनी हो म्हणा, माझ्याकडे या, हात वर ठेवा, ब्रेक मारा.

“एवढंच?” प्रदीपने पुठ्ठा उलटून मागे काही आहे का पाहिलं.

“एवढंच,” राजेश्वरी म्हणाली. “बाकीचं त्यांचं त्यांना येतं.”